आधी मुलाशी बोला, कोर्सचं नंतर पाहू

नमस्कार,

मळणी यंत्रात घास घालताना तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. आता मुलगा कृषी अभियांत्रिकीला जायचं म्हणतो, म्हणून तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलंय आणि मला ‘ऑफिसात बसायची नोकरी लागेल असा कोर्स’ विचारताय.

कोर्सचं राहू द्या, आधी अबोला सोडा. परीक्षेच्या वर्षात बाप बोलत नाही, या ओझ्याखाली मूल काय अभ्यास करणार? ‘जीव घाबरतो हो माझा’ हे तुम्ही मला लिहिलंत. त्याला सांगितलंत का? त्याला फक्त तुमचा राग दिसतोय.

‘माझंच लक्ष नव्हतं, आणि हा तर माझ्याहून धांदरट’ हे तुमचं वाक्य तर मला मुळीच पटलं नाही. शेतात, जंगलात, बोटीवर माणूस जायबंदी झाला की सगळे त्याचीच चूक काढतात. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद जोडलेल्या यंत्राला पोचवणारा फिरता दांडा, साधारणपणे मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. त्यात बाहीचं टोक अडकलं की कितीही सावध माणूस असो, हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. तिथे शाफ्टवरचं आवरणच वाचवतं. ट्रॅक्टर उलटला तर सुरक्षा चौकट आणि सीटबेल्ट वाचवतात. स्वीडनने 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरांना ही चौकट सक्तीची केली आणि पुढे तिथले असे मृत्यू खूप घटले. झाड कापताना करवत उसळली तर साखळी थांबवणारा ब्रेक लागतो, जाळं ओढणाऱ्या विंचला हाताशी बंद करायचं बटण लागतं. मळणी यंत्राचं घास घालायचं तोंड लांब आणि वरून झाकलेलं असेल तर हात ड्रमपर्यंत पोचत नाही. तुमच्या यंत्राचं तसं होतं का?

ही आवरणं, हे ब्रेक अभियंतेच आखतात. तुमच्या मुलाला नेमकं हेच काम करता येईल, म्हणून त्याला अडवू नका असं मी स्पष्ट सांगते. प्रवेश परीक्षेची मला चिंता नाही, त्याचं गणित उत्तम आहे. कॉलेज निवडताना मात्र शेतयंत्रांची कार्यशाळा चालू आहे का आणि अर्गोनॉमिक्स, म्हणजे यंत्र माणसाच्या शरीराला सोयीचं आणि सुरक्षित आखायचं शास्त्र, शिकवतात का, ते दोघांनी जाऊन बघा. जाण्याआधी त्याला तुमचा अपघात नीट सांगा: हात कुठपर्यंत गेला होता, यंत्र कुणी बंद केलं, थांबायला किती वेळ लागला.