‘हॉलिवूड कॅन्टीन’ (१९४४) हा नुसता युद्धप्रचार आहे की आज बघण्यासारखा सिनेमा आहे?

प्रचार आहेच. युद्ध चालू असताना वॉर्नर ब्रदर्सनं काढलेला सिनेमा, त्यात दुसरं काय असणार? पण तुमच्या प्रश्नातला ‘नुसता’ मला टोचला. हाच शब्द आमच्या दाजींनी एका दिवाळीत आमच्याच सोप्यात बसून वापरला होता, तोही आबांसमोर.

आबा म्हणजे माझे वडील. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. दाजी पुण्याचे, फिल्म सोसायटीवाले. सिनेमाच्या नावात कॅन्टीन आहे, आबांना गंमत वाटेल, म्हणून मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. आबांचं कॅन्टीन म्हणजे सीएसडीचं, फौजेचं सवलतीचं दुकान, साबण-तेल आणि रमचा कोटा. मी सांगितलं, हे वेगळं आहे. बेटी डेव्हिस आणि जॉन गारफिल्ड या सिनेनटांनी पुढाकार घेऊन ऑक्टोबर १९४२ मध्ये हॉलिवूडात हे खरोखर उघडलं होतं. गारफिल्डला हृदयाच्या दुखण्यामुळं फौजेत घेतलं नव्हतं. तिथं जेवण, बँड, नाच सगळं फुकट. सिनेमातली माणसं वाढणार, तीच भांडी घासणार. अंगावरची वर्दी हेच तिकीट.

“दारू?”

“नाही.”

“मग कसलं कॅन्टीन!” जरा थांबून म्हणाले, “आणि साहेब लोक?”

“त्यांच्यासाठी नाही. जवानांसाठीच.”

यावर आबा खोकला लागेपर्यंत हसले. “म्हंजे रोजचा बडाखाना, आन् साहेब भायेर!” बडाखान्याला, म्हणजे पलटणीच्या एकत्र जेवणाला, साहेब लोक जवानांच्या ताटात वाढतात, पण साहेब डोक्यावर उभा असला की घास उतरत नाही, असं ते नेहमी सांगत.

गोष्ट दोन ओळींची. स्लिम नावाचा कॉर्पोरल दक्षिण पॅसिफिकमधून जखमी होऊन आलाय. जोन लेस्ली या नटीवर त्याचा जीव, आणि ती पडद्यावर जोन लेस्ली म्हणूनच वावरते. तो कॅन्टीनचा दहा लाखावा पाहुणा ठरतो आणि बक्षीस म्हणून तिच्याबरोबर हिंडायला मिळतं. इथं दाजी बोलले, “असं कुठं असतं का? नुसता प्रचार.” दाजी, सप्टेंबर १९४३ मध्ये दहा लाखावा सैनिक खराच आला होता आणि बेटी ग्रेबल या नटीनं त्याचा मुका घेतला होता. त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. नंतर शोधून काढलं. राग होता म्हणून.

आबा टीव्हीकडं बघतच म्हणाले, “आमच्याकडं बी आलते.”

ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकलेली. बासष्टनंतर कधीतरी, वरती सिक्कीमकडं, सिनेमावाले जवानांसाठी गाणी म्हणायला आले होते. कोण आले होते ते दर वेळी बदलायचं. तरी शंका आली नाही, कारण सुनील दत्त-नर्गिसचं अजंता आर्ट्सचं पथक सीमेवर जायचं हे सगळ्यांना ठाऊक. त्या रात्री मी पहिल्यांदाच विचारलं, तुम्ही कितव्या रांगेत होता?

“रांग कसली? मी कोतवर संत्री. वारं हिकडं फिरलं की गाणं ऐकू यायचं. कोण कोण होतं ते सकाळी पोरांनी सांगितलं.”

कोत म्हणजे हत्यारांची कोठी, आबा तिथं पहाऱ्यावर. पन्नासेक वर्षं हा माणूस न बघितलेला कार्यक्रम सांगत होता. स्लिमची गोष्ट अशा माणसांसाठी लिहिलेली आहे. तिला तर्क लावून हसणाऱ्यांनी रात्रभर एकदा कोतवर उभं राहावं, मग बोलावं. माझं मत एवढंच आहे आणि मी ते बदलणार नाही.

आता खोट सांगतो, नाहीतर नंतर मला शिव्या घालाल. सिनेमा दोन तासांहून लांब आहे. स्लिम इतका भोळा दाखवलाय की फौजेत चार दिवस टिकला नसता. खऱ्या कॅन्टीनमध्ये काळ्या-गोऱ्या सैनिकांना एकच दार होतं, आणि त्या काळातली अमेरिकी फौज वर्णावरून विभागलेली असताना ही मोठीच गोष्ट. सिनेमात मात्र गोल्डन गेट क्वार्टेट या काळ्या गायकांच्या चौकडीचं एक झकास गाणं वगळता ते फारसं जाणवत नाही. विनोदी नट जॅक बेनी आणि थोर व्हायोलिनवादक सिगेटी यांची जुगलबंदी चुकवू नका. गाणारा काउबॉय नट रॉय रॉजर्स घोड्यासकट रंगमंचावर येतो, तेही बघा. ‘ट्रिगर’ नाव घोड्याचं. आबांचा शेरा होता, “आमची खेचरं ह्याच्यापेक्षा शहाणी होती.” पण तो प्रसंग त्यांनी दुसऱ्या दिवशी परत लावायला सांगितला.

तेव्हा बघा, सुट्टीच्या दुपारी, तुकड्यातुकड्यानं. आणि दाजी, हे वाचत असाल तर, तुम्ही त्या दिवशी अर्ध्या तासात चहाला म्हणून उठलात ते परत आलाच नाहीत, हे लेखी राहू दे.