सीटी स्कॅन करायचा की थांबायचं, हे मला का विचारलं?

प्रश्न : माझा साडेचार वर्षांचा मुलगा सोसायटीतल्या घसरगुंडीच्या शिडीवरून डोक्यावर पडला. नंतर दोन उलट्या झाल्या. वाशीच्या एका रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टर बाई तपासून म्हणाल्या, "लगेच सीटी करू शकतो, नाहीतर चार-सहा तास इथंच लक्ष ठेवू. तुम्हाला काय वाटतं?" सासूबाई म्हणाल्या, या डॉक्टरलाच कळत नाहीये. आम्ही थांबलो, मुलगा आता ठणठणीत आहे. पण निर्णय आमच्या गळ्यात का?
– एक आई, कोपरखैरणे

उत्तर : सासूबाईंना नमस्कार सांगा, पण मी त्या डॉक्टरच्या बाजूची. ठाण्यात कॅज्युअल्टीत रात्रपाळ्या करताना मीही हेच विचारते.

मुलांच्या डोक्याच्या माराबद्दल 'पेकार्न' नावाचा नियम आहे. ४२ हजारांहून जास्त मुलांच्या नोंदींवरून अमेरिकेत तो बेतला. २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांवरचं मूल गुंगीत असेल किंवा कवटीच्या तळाला फ्रॅक्चरच्या खुणा असतील, तर गंभीर इजेची शक्यता शंभरात चारच्या वर. तिथे सीटी करायचाच, मतं गोळा करायची नाहीत. काहीच लक्षण नसेल तर सीटी नको. तुमचा मुलगा मधला : उलट्या, थोडा वेळ शुद्ध हरपणं, जोराची डोकेदुखी, पाच फुटांहून उंचावरून पडणं, यांपैकी काहीतरी असलेला. इथे शक्यता शंभरात एकाच्या आसपास, आणि सीटी की देखरेख हे ठरवताना आईवडिलांचा कल बघा, असं त्या नियमातच म्हटलंय.

सीटीत किरणोत्सर्ग आला. पोर हलत राहिलं तर गुंगीचं औषधही आलं. थांबायचं तर रात्रभर धाकधूक. रात्री पोराजवळ जागणारं कोण आहे, पुन्हा यायला वाहन मिळेल का, हे मला एक्स-रेत दिसत नाही. कोपरखैरण्याहून वाशी जवळ. उरणच्या आतल्या गावातून कोणी आलं असेल तर मी सहसा घरी सोडायची घाई करत नाही. (साताऱ्याहून फोनवर "सीटी करूनच टाका" म्हणणाऱ्या काकांना मात्र या चर्चेत जागा नाही.)

त्या बाईंनी आकडा सांगितला होता का? "काय वाटतं?" एवढंच म्हणून त्या गप्प बसल्या असतील, तर तुमची तक्रार रास्त आहे. अशा वेळी सरळ विचारा : डॉक्टर, तुमचं मूल असतं तर? याचं उत्तर टाळायचा हक्क आम्हाला नाही. आणि थांबायचं ठरवलं म्हणून 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' लिहिलेला कागद कोणी पुढे केला, तर सही करू नका. त्यांनीच दिलेला पर्याय सल्ल्याविरुद्ध कसा होईल?

घरी गेल्यावर मात्र वारंवार उलट्या, हलवूनही नीट जाग न येणं, झटका, चालताना तोल जाणं, नाकाकानातून पाणी, यांतलं काहीही दिसलं तर विचार करत बसू नका. तडक इमर्जन्सी गाठा, वाहन नसेल तर १०८ लावा.