जुना स्मार्टकार्ड रीडर जीपीजीला चालेल का, का नवीन टोकनच घ्यावं?

चालतो. माझा आज पण चालायलाय, लातूरला गंजगोलाईजवळच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात. तुम्ही विचारलंय की घरात पडलेला जुना यूएसबी रीडर उबुंटूवर आणि विंडोजवर जीपीजीला, म्हणजे फाईल-मेल एन्क्रिप्ट करायच्या प्रोग्रामला, लावता येईल का, आणि मित्र म्हणतो भंगारात टाक. त्या भंगार शब्दासाठीच लिहायलोय.

आमचे दाजी पुण्यात आयटीत. एका बंद पडलेल्या ऑफिसचं सामान किलोवर निघालं होतं, त्यातून मी तीन रीडर आणले, तर दिवाळीत आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, जुना रीडर म्हणजे जुनी सिक्युरिटी, पाचेक हजार टाक आणि टोकन (चिप आतच असलेली यूएसबी काडी) घे. दाजी आहेत म्हणून गप्प बसलो. पण अहो, फाईल उघडणारी गुप्त की कार्डाच्या चिपमध्ये असते, डिक्रिप्ट चिपच करते, की बाहेर येतच नाही, रीडर फक्त करंट देतो आणि इकडचा डेटा तिकडं करतो. कुलूप कार्डात आहे!

पुढच्या पावसाळ्यात लाईट खालीवर झाली आणि दुकानातला सीपीयू जळाला, हार्डडिस्कसकट. गिऱ्हाइकांच्या पासवर्डची फाईल याच कार्डाच्या कीसाठी एन्क्रिप्ट करून दुसऱ्या डिस्कवर होती म्हणून वाचली. जुन्या लॅपटॉपला तोच रीडर लावला, जीपीजीला कार्ड-स्टेटस विचारलं, कार्डाचा नंबर आला, कींचे फिंगरप्रिंट (ओळखनंबर) आले, पण खाली 'जनरल की इन्फो'समोर 'नन', म्हणजे काहीच नाही. पोटात गोळा आला. रात्री बारा वाजता डोक्यात आलं की पब्लिक की, म्हणजे जोडीतली दुसऱ्यांना द्यायची की, कार्डातून परत मिळत नाही, ती वेगळी लागते. नांदेडच्या मित्राला कधीतरी मेल केली होती, त्याच्याकडून मागवली, इम्पोर्ट केली, पिन टाकला आणि फाईल उघडली. म्हणून पब्लिक की चार ठिकाणी ठेवा.

उबुंटूवर पीसीएससीडी (रीडर चालवणारा प्रोग्राम) टाका, पीसीएससी-स्कॅन या कमांडमध्ये रीडर दिसला की अर्धं काम झालं. दिसतोय तरी जीपीजी 'नो सच डिव्हाइस' म्हणत असेल तर रीडर खराब नाही, जीपीजीचा स्वतःचा ड्रायव्हर आणि पीसीएससीडी एकाच रीडरवर भांडायलेत, एससीडेमनच्या (जीपीजीचा कार्ड सांभाळणारा भाग) कॉन्फ फाईलमध्ये डिसेबल-सीसीआयडी ही ओळ टाका आणि एससीडेमन बंद करून परत चालू करा. विंडोजला जीपीजीफॉरविन हे जीपीजीचंच पॅकेज आहे.

आता हे पण ऐका. कार्ड ओपनपीजीपीचंच (जीपीजी ज्या स्टँडर्डवर चालतो त्याचं) लागतं, एटीएमचं किंवा लायसनचं चालत नाही. जुने काही रीडर मोठा डेटा एका दमात पाठवत नाहीत, माझ्या एकावर 2048 बिटची की नीट चालते, 4096 ची घालायला गेलं की एरर. नवीन कार्डाचा पिन 123456 आणि अॅडमिन पिन 12345678 असतो, दोन्ही आधी बदला, तीनदा चुकला की लॉक. की कार्डात टाकायच्या आधी बॅकअप घ्या, कारण कीटूकार्ड (की कार्डात हलवायची कमांड) करून सेव्ह केलं की डिस्कवरची की जाते. आणि रीडरला स्वतःची बटणं नसतील तर पिन कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर टाकावा लागतो, तिथं कीलॉगर (टाइप केलेलं चोरणारा प्रोग्राम) बसलेला असला तर पिन जातो, एवढं दाजींचं मान्य. पण की तरी कार्डातच राहते. दाजींची अजून लॅपटॉपच्या फोल्डरात आहे, एका पासवर्डच्या भरवशावर. तुमच्या मित्राला पण विचारा, त्याची कुठं पडलीय.