ट्यूडर-स्टुअर्ट राजघराण्यांच्या काळात (साधारण सोळावं-सतरावं शतक) इंग्लंडमधल्या बड्या सरदाराचं आयुष्य कसं असायचं?

पैसा अमाप, पण जिवाची शाश्वती नाही. नॉर्थम्बरलँडचा नववा अर्ल हेन्री पर्सी (१५६४–१६३२) घ्या. राज्य प्रोटेस्टंट आणि घराण्याचा ओढा कॅथलिक पंथाकडे, म्हणून दरबाराचा कायम संशय. काकाचा १५७२ मध्ये यॉर्कला शिरच्छेद झाला. वडील १५८५ मध्ये टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यातल्या कैदेत, छातीत गोळ्या घुसलेल्या अवस्थेत सापडले. आत्महत्या म्हणून जाहीर झालं, पण खुनाची कुजबुज थांबली नाही.

४ नोव्हेंबर १६०५ रोजी थॉमस पर्सी हा नातलग हेन्रीकडे, त्याच्या सायन हाउस या वाड्यावर, जेवून गेला. त्याच रात्री संसद उडवण्याचा कट फसला आणि थॉमस कटवाल्यांपैकीच निघाला! हेन्रीचा हात सिद्ध झाला नाही, तरी ३०,००० पौंड दंड आणि जवळपास सोळा वर्षं टॉवरमध्ये कैद.

मला तर ती कैदच थक्क करते. तिथे त्याने ग्रंथ जमवले, रसायनाचे प्रयोग केले. त्याच्याच आश्रयाखाली थॉमस हॅरियट या गणितज्ञाने १६०९ मध्ये दुर्बिणीतून चंद्र पाहून कागदावर उतरवला, गॅलिलिओच्या काही महिने आधी! हे फार कमी जणांना माहीत असतं.

१६२१ मध्ये सुटला. गेला तोही कट फसला त्याच तारखेला, ५ नोव्हेंबरला.