मेळघाटातल्या पहिली-दुसरीच्या वर्गाबद्दल

सप्रेम नमस्कार,

धारणी तालुक्यात पहिली-दुसरी मिळाल्याचं तू कळवलंस, आणि ‘मुलं बोलतच नाहीत’ असंही लिहिलंस. बोलत नाहीत ती तुझ्याशी. मधल्या सुट्टीत आवारात थांबून ऐक, कोरकूत अखंड बडबड चाललेली असेल. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, तिची नाती संथाळी-मुंडारीशी. मराठीशी तिचं मूळ कुठंच जुळत नाही. तुझ्या वर्गात कोरकूंबरोबर गवळी घरातली मुलं असतील, मध्य प्रदेशच्या सीमेकडची हिंदी बोलणारीही. पुस्तक मात्र सगळ्यांना एकच, मराठीतलं. नवी भाषा शिकणं आणि वाचायला शिकणं ही दोन ओझी आपण एकाच तासाला एकाच सहा वर्षांच्या मुलावर टाकतो. त्यातून जी भीती बसते तिला पुढे ‘अभ्यासात कच्चा’ असं नाव पडतं. म्हणून वाचन आणि मुलाचं मन यांसाठी वेगवेगळे उपक्रम आखू नकोस. हे काम एकच आहे.

पहिल्या आठवड्यात एका कागदावर प्रत्येक मुलाची घरची भाषा लिही. मराठी अजिबात कळत नाही, कळते पण उत्तर देत नाही, थोडी बोलतो, असे तीन गट पाड. बसायच्या जागा त्यावरून ठरव. दोन्ही भाषा येणारं मूल मराठी न कळणाऱ्याच्या शेजारी हवं. सगळे कोरकू मागे आणि गवळी पुढे, असं आपोआप होतं. ते होऊ देऊ नकोस.

रोज सकाळची वीस मिनिटं गप्पांची ठेव. एक मोठं चित्र लाव आणि आधी मुलांना त्यांच्या भाषेत बोलू दे. तुला कोरकू येत नसेल तर चौथीतली मुलगी किंवा पोषण आहार शिजवणाऱ्या ताई दुभाषी होतील, त्यांना आदरानं विचार. मग त्याच चित्रावर हातवारे करत मराठीत बोल. दिवसाला आठ नवे शब्द पुरे. सूचना मात्र रोज त्याच शब्दांत दे. आज ‘पुस्तक उघड’, उद्या ‘पान काढ’, परवा ‘धडा काढा बरं’ असं झालं की ऐकणाऱ्याला ती तीन वेगळी वाक्यं वाटतात.

काही मुलं महिनोन्‌महिने गप्प राहतील. त्यांना उभं करून बोलायला लावू नकोस. ‘दाखव’, ‘आण’, ‘कुठलं?’ यावर बोट दाखवून दिलेलं उत्तरही उत्तरच धर. बोलायला लागतील तेव्हा ‘गाय आला’, ‘आई गेला’ असं बोलतील. कोरकूच्या व्याकरणात सजीव-निर्जीव हा भेद आहे. क्रियापद पुल्लिंग-स्त्रीलिंगाप्रमाणे बदलत नाही. त्यामुळे ही चूक निष्काळजीपणाची नाही. ‘हो, गाय आली’ एवढं म्हणून पुढे जा. वर्ग हसला तर तिथल्या तिथे थांबव, कारण एकदा हसू झालेलं मूल पुन्हा तोंड उघडायला फार वेळ घेतं.

आता अक्षरं. ‘अ आ इ ई’च्या ओळीनं जाऊ नकोस. म, न, क, स, र आणि काना एवढ्यावर आठ-दहा दिवस राहा. त्यातून कान, नाक, मान, मका, मासा, मामा होतात, आणि हे शब्द गप्पांत आधीच येऊन गेलेले असले पाहिजेत. जो शब्द मुलाला ऐकून कळत नाही तो वाचायला देऊच नये, असं माझं ठाम मत आहे. ‘क ला काना का’ असा घोष टाळ, कारण मूल शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. ‘का’ एकदम वाचू दे. पहिली वेलांटी उशिरा घे. ‘दिवा’ वाचताना मुलाला आधी वेलांटी दिसते, म्हणून ते ‘इदवा’ म्हणतं. तेव्हा बोट आधी ‘द’खाली ठेवायला लाव, मग वेलांटीवर. दुसरी वेलांटी, मात्रा, ओकार हे त्याआधी उरकतात.

दर पंधरा दिवसांनी प्रत्येक मुलाला एकटं जवळ घे आणि दहा शब्द वाचून घे. पाच फळ्यावर येऊन गेलेले, पाच त्याच अक्षरांचे नवे, उदाहरणार्थ रान किंवा सामान. जुने बरोबर आणि नवे चुकत असतील तर मूल वाचत नाहीये, पाठ म्हणतंय. मग अक्षरांचा पुढचा गट घेऊ नकोस. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्दांचं लक्ष्य आहे. ते तुझ्या नोंदीसाठी, घड्याळ लावून वर्गासमोर पळवण्यासाठी नाही.

जे मूल ‘लक्ष देत नाही’ त्याचे कान आधी बघ. कान वाहत असेल तर म आणि न त्याला सारखेच ऐकू येऊ शकतात. सारखं अंग दुखतं, हातपाय सुजतात, डोळे पिवळे दिसतात असं मूल असेल तर आशाताईंना सांग आणि आरोग्य पथकाकडून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घे. निदान झालेल्या मुलाला तासालाही पाणी पिऊ दे, उन्हात परिपाठाला उभं करू नकोस, थंडीत उबदार कपडे आहेत का बघ. त्याचा आजार वर्गात बोलून दाखवू नकोस. उपाशी आलेल्या मुलाला सर्वांदेखत ‘काय खाल्लंस’ विचारू नकोस. अवघड वाचन त्याच्याकडून जेवणानंतर घे. मारणं आणि टोचून बोलणं, दोन्हीला शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानं बंदी आहे. घरी मारहाण किंवा त्याहून वाईट काही होत असल्याची शंका आली तर आधी मुख्याध्यापकांशी बोल, आणि १०९८ हा नंबर लक्षात ठेव.

दिवाळीनंतर काही घरं कामासाठी बाहेर पडतील आणि बरीचशी होळीला परततील. जाण्याआधी शिक्षण हमी पत्रक (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचा कागद) भरून दे, कुठे जाणार ते लिहून घे, आणि मूल ज्या अक्षरगटावर होतं त्याचे शब्द एका जाड कागदावर लिहून त्याच्या दप्तरात घाल. परतल्यावर त्याला वर्ग चाललाय त्या पानावर बसवू नकोस. त्याच दहा शब्दांनी पाच मिनिटांत तपास, जिथे अडतं त्या गटापासून सुरू कर, आणि पहिले आठ दिवस शेजारी तेच जुनं सोबतीचं मूल बसव. तुझा भाषांचा कागद आणि पहिल्या तपासणीच्या नोंदी मला पाठव, त्यावरून अक्षरांचा पुढचा गट आपण मिळून ठरवू.