वाचक विचारतात : जागलीतली थंडी, हरणांचे कळप अन् विस्कॉन्सिनचा भाचा

या महिन्यात आलेली पत्रं अन् व्हॉट्सॲपचे मेसेज बघितले तर निम्मे थंडीचेच निघाले. दिवाळीचा फराळ डब्यात होता तोवरच स्वेटर काढायची पाळी आली, त्यात हरभरा वर आलाय अन् हरणं वावरात उतरलीत, म्हणजे रात्रभर वावर राखायची जागल आलीच. म्हणून बाकीचे प्रश्न (संत्र्याचा बहार, गाईचा गाभ वगैरे) पुढच्या अंकात घेऊ, या वेळी एवढंच.

प्रश्न : भाऊ, समुद्रपूर तालुक्यातून लिवतो. हरभरा हाये अन् बाजूनं तूर. हरभरा बोटभर झाला का हरणाचा कळप येते, मांगून रोही (नीलगाय). रात्रभर मचानीवर बसा लागते. औंदा थंडी लय लवकर पडली, पहाटे चारच्या सुमाराले हाडं वाजतात जी. घोंगडी हाये, शाल हाये, तरी हिव जात नाई. शेगडी वर नेऊन चारी बाजूनं ताडपत्री बांधून घेतली तर चालते का?

उत्तर : पहिले शेगडीचं सांगतो कारण त्यात जीव जातो. नाही चालत. बंद जागेत कोळसा किंवा लाकडं धुमसली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो, त्याला ना वास ना रंग, डोळ्याला पाणी येत नाही की खोकला येत नाही, माणसाला फक्त डोकं जड वाटतं, झोप येते अन् त्या झोपेतून तो उठत नाही. दरवर्षी हिवाळ्यात पेपरात एखादी तरी बातमी असतेच, खोली बंद, शेगडी मधात, सकाळी दार तोडलं. तीच खोली तुम्ही ताडपत्रीनं मचानीवर बांधणार, वरून खाली बांबू अन् तणस, म्हणजे आगीची भीती वेगळीच. शेकोटी खाली करा, उघड्यावर, कुटाराच्या (भुशाच्या) ढिगापासून अन् वाळल्या तुरीपासून लांब, अन् शेकून मग वर चढा. ताडपत्री बांधायची तर फक्त वाऱ्याच्या बाजूनं बांधा, म्हणजे उत्तरेकडून, बाकी उघडं राहू द्या, नाहीतरी सगळीकडून झाकलं तर तुम्हाला हरणं दिसतील कशी?

आता हिव का जात नाही ते. घोंगडी तुम्ही वरून घेता, पण थंडी येते खालून. मचानीच्या बांबूंमधल्या फटीतून रात्रभर वारं लागत राहतं अन् अंगाखाली दबलेल्या गोधडीतली हवा निघून गेलेली असते, तिचा उपयोग राहत नाही. दोन पोत्यांमध्ये कोरडं कुटार किंवा तणस ठासून भरा अन् ती अंगाखाली टाका, त्यावर गोधडी, मग बघा. अंगावर एक जाड घालण्यापेक्षा तीन पातळ घाला, मधली अडकलेली हवाच ऊब देते. सगळ्यात बाहेरून वारं अडवणारं काहीतरी पाहिजे, रेनकोट असला तरी चालतो, काहीच नसलं तर शर्टाच्या आत छातीवर जुने पेपर घाला, हसू नका, कामाची गोष्ट आहे. कानटोपी अन् मफलर तर पाहिजेच.

अन् दुसरी गोष्ट म्हणजे ओल. तुमच्याकडचा हरभरा तुम्हाला माहीतच आहे, पहाटे त्यातून एक चक्कर मारली की आंब (हरभऱ्याच्या पानावरचं आंबट पाणी) अन् दव मिळून पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओलीचिंब होते, अंगाला चुणचुणते ती वेगळी. ती ओली पॅन्ट घालून तुम्ही परत मचानीवर जाऊन बसता अन् मग तासाभरात दात वाजायला लागतात. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट जोरानं अंगातली उष्णता ओढून घेतं, त्यामुळे 12 अंशाच्या कोरड्या रात्रीपेक्षा 15 अंशाची ओली रात्र जास्त वाईट. आपण सगळे कापूसवाले, पण सुती कपडा एकदा ओला झाला की ऊब धरत नाही अन् लवकर वाळतही नाही. कोरडी रुईची गादी-रजाई झकास, ओली बनियन मात्र वैरी. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब देते, म्हणून आपल्या म्हाताऱ्यांची घोंगडी सुटली नाही. गमबूट घाला अन् एका पॉलिथिनमध्ये कोरडी बनियन, पॅन्ट, मोजे बांधून मचानीवर ठेवूनच द्या. चक्कर मारून आल्यावर आळस न करता बदला.

मचान कुठं आहे तेही बघा. बहुतेक जण नाल्याकडच्या कोपऱ्यात बांधतात कारण जनावर तिकडूनच येतं. पण थंड हवा जड असते, शांत रात्री ती उतारानं घरंगळत नाल्याच्या खोलगट भागात साचते, तिथं अन् वरच्या धुऱ्यावर (बांधावर) पाऱ्यात चांगलाच फरक पडतो. वरच्या धुऱ्यावर बसून टॉर्च नाल्याकडे मारलेला माझ्या मते जास्त बरा. आभाळाकडे पण लक्ष ठेवा, दोन दिवस मळभ असलं की रात्र उबदार जाते, माणूस एका शालीवर निघतो, मग आभाळ फाकतं अन् उत्तरेचं वारं सुटतं की त्याच रात्री पारा घसरतो. सगळ्यात जास्त थंडी मध्यरात्री नसते, सूर्य निघायच्या आसपास असते, नेमकी तेव्हाच आपल्याजवळची शेकोटी विझलेली अन् चहा संपलेला असतो. थर्मासमधला शेवटचा कप पाचसाठी ठेवत जा.

पोटात काहीतरी पाहिजे, उपाशी अंग तापत नाही. भाकर, जवसाची चटणी, शेंगदाणे-गूळ खिशात ठेवा. खर्रा मात्र कमी करा, बिडी पण, तंबाखूनं बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात अन् आधीच गार पडलेली बोटं अजून बधिर होतात. मला माहीत आहे की जागलीत खर्रा नाही तर जागावं कशावर असं तुम्ही म्हणणार.

नागपूरला 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशावर आला होता, म्हणजे आपल्याकडे थंडी पडत नाही हा समज सोडा. हवामान खातं मैदानी भागात थंडीची लाट कधी म्हणतं, तर किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली गेलं अन् ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी असलं तर. असा इशारा आला की घरातल्या बीपी, हार्टवाल्या माणसाला जागलीला पाठवू नका. थंडीनं नसा आकसतात, बीपी वाढतं, हृदयावर ताण येतो. पोरगं कॉलेजात अन् सत्तरीचा बाप मचानीवर हे चित्र गावोगाव आहे, मला ते पटत नाही.

प्रश्न : ताई-दादा जे कोणी असाल त्यांना नमस्कार. रात्रीची लाइट होती म्हणून आमचे हे गव्हाला पाणी द्यायला गेले, पहाटे शेजारच्यानं धरून आणलं. थडथड कापत होते, बोलणं जड झालं होतं, शर्टाची बटनं निघत नव्हती त्यांच्यानं. कोणी म्हणे थोडी पाजा, कोणी हातपाय चोळले, सासूबाईंनी आगटीजवळ बसवलं. आता बरे आहेत. आम्ही केलं ते बरोबर केलं का? (पवनी तालुका)

उत्तर : बरे आहेत हे महत्त्वाचं. जे झालं त्याला डॉक्टर हायपोथर्मिया म्हणतात, शरीराचं आतलं तापमान 37 च्या आसपास असतं ते 35 च्या खाली जातं. त्याला बर्फ लागत नाही, ओले पाय, वारं अन् थकवा एवढं पुरतं. कापणं, जीभ जड होणं, बटन न निघणं, चालताना अडखळणं, ही त्याचीच लक्षणं. बरेचदा माणूस प्यायलाय असं लोकांना वाटतं अन् दुर्लक्ष होतं. कापणं थांबलं म्हणजे बरं झालं असंही समजू नका, ऊब न येता कापणं थांबलं, माणूस सुस्त झाला, बरळायला लागला तर ती धोक्याची वेळ, लगेच 108 ला फोन.

दारू तर अजिबात नाही. घोट पोटात गेला की गरम वाटतं खरं, पण ते कसं, तर कातडीकडच्या नसा रुंद होतात अन् आतलं गरम रक्त बाहेर येऊन थंड होतं, म्हणजे आतली ऊब आपणच बाहेर सांडतो. हातपाय जोरात चोळणंही टाळायचं. आगटीजवळ बसवलं त्यात हेतू चांगला होता पण बधिर हातापायाला चटका कळत नाही, भाजून फोड येतात. करायचं काय, तर माणूस घरात आणून आडवा करा, ओले कपडे पहिले काढा, लाजायची वेळ नाही ती, कोरड्या गोधडीत डोक्यासकट गुंडाळा, गरम पाण्याच्या बाटल्या कपड्यात लपेटून छातीशी, काखेत, जांघेत ठेवा. हातापायाच्या आधी धड गरम झालं पाहिजे. शुद्धीवर असेल, नीट गिळत असेल तर गोड गरम चहा. सासूबाईंना सांगा, चहा त्यांनीच करावा, त्याला कोणाची मनाई नाही.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. त्यानं फोटो पाठवला, नारंगी जाकीट, हातात बंदूक, बाजूला मेलेलं हरीण. आमच्या घरात हलकल्लोळ. त्याला पकडणार नाहीत का? अन् एवढ्या बर्फात हे लोक बसतात तरी कसे? (पुसद)

उत्तर : नाही पकडणार, लायसन काढलं असेल तर. तिकडे प्रत्येक राज्य आपापला हंगाम ठरवतं. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीनं हरीण मारायचा नऊ दिवसांचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंग या त्यांच्या सणाच्या आधीच्या शनिवारी चालू होतो, म्हणजे नोव्हेंबरचा शेवट. मारलं की त्याची नोंद करावी लागते. नारंगी जाकीट हौस म्हणून नाही, दुसऱ्या शिकाऱ्यानं झुडपाआड हरीण समजून गोळी मारू नये म्हणून कायद्यानं सक्ती आहे, 2016 पासून गुलाबी पण चालतो. ते हरीण म्हणजे व्हाइट-टेल, आपलं काळवीट नाही की चितळ नाही. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, भाच्याला सुट्टीत गावाला आला तर ही हौस इथं दाखवू नको म्हणून आत्ताच सांगून ठेवा, काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, सरळ जेल.

थंडीचं म्हणाल तर तिकडे त्या दिवसात पारा शून्याखाली जाणं नेहमीचं, तरी त्यांची युक्ती आपल्या जागलकऱ्यानं शिकावी अशी आहे. जाडे कपडे घालून ते चालत नाहीत. बॅगेत घेऊन पातळ कपड्यावर हळूहळू चालत झाडावरच्या माचीपर्यंत जातात, घाम येऊ देत नाहीत, तिथं पोचल्यावर कोरडं अन् जाड घालतात, कारण घामानं भिजलेला माणूस बसल्या जागी गारठतो. अंगाला लागून सुती नाही, लोकरी किंवा सिंथेटिक. अन् माचीवर स्वतःला पट्ट्यानं झाडाला बांधून घेतात, कारण गारठलेला, पेंगलेला माणूस खाली पडतो अन् तसे अपघात तिकडे कायम होतात. आपल्या मचानीवरून पडणाऱ्यांचं काय वेगळं आहे? एक दोर कमरेला बांधायला काय लागतं.

नोव्हेंबरला हलकं घेऊ नये हे ते लोक 11 नोव्हेंबर 1940 पासून शिकले. सकाळी ऊन, कोमट हवा, सुट्टीचा दिवस, मिनेसोटाकडे मिसिसिपी नदीत बदकाच्या शिकारीला लोक साध्या जाकिटात गेले. दुपारी वादळ आलं, पारा धडाधड पडला, नदीतल्या बेटांवर अडकलेले भिजलेले शिकारी रात्रीत गारठून मेले. त्या वादळात अमेरिकेच्या मधल्या राज्यांत मिळून दीडशेच्या आसपास माणसं गेली. भाच्याला एवढं विचारा की गाडीत ब्लँकेट अन् खायला ठेवतोस का, कुठं बसणार ते घरी सांगून जातोस का. हरणाचं भांडण नंतर करा.

प्रश्न : जागलीची कटकटच नको म्हणून धुऱ्याच्या ताराले रात्री करंट सोडावा म्हणतो. गावात दोघं-तिघं सोडतात. (सिंदेवाही)

उत्तर : अजिबात सोडू नका. लाइनवरून सरळ करंट सोडणं गुन्हा आहे, त्यात वाघ मेला तर वनखातं अन् माणूस मेला तर पोलीस, अन् बहुतेक वेळा मरतो तो शेजारचा किंवा घरचाच, पहाटे दवानं ओल्या पायानं तार ओलांडताना. सोलरवरची झटका मशीन वेगळी, ती क्षणभराचा झटका देते, जनावर पळतं, मरत नाही. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी अनुदान आहे, वनरक्षकाला धरून विचारा. पीक खाल्लं तर भरपाईचा अर्ज तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे गेला पाहिजे, खुरांचे ठसे अन् खुडलेले शेंडे यांचे फोटो त्याच सकाळी काढा, दुपारपर्यंत बायामाणसं निंदायला आली की ठसे गेले. सिंदेवाहीकडे वाघाचं वेगळं सांगायला नको, जागलीला एकट्यानं जायचं नाही अन् नीट उजाडल्याशिवाय मचानीवरून उतरायचं नाही, अंधारात शौचाला वाकून बसायचं तर मुळीच नाही.

प्रश्न : जागलीत कुत्रं सोबत नेतो, त्याले थंडी लागत असन का?

उत्तर : लागते ना, तेही दवात भिजतं. मचानीखाली वारं लागणार नाही असं एक पोतं कुटार भरून टाकून द्या, ओलं झालं की बदला, अन् तुमच्यातली अर्धी भाकर त्याला द्या. दीड-दोन महिन्यांची पिल्लं नेऊ नका, त्यांना गोठ्यातच राहू द्या.