चवथीला काय सांगायचं?

प्रश्न : मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, हायस्कूलमध्ये शिक्षक. मुलगी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झाली, ६८ टक्के. बी.एड. कर म्हणतो, तर तिला विज्ञानाची चित्रं आणि कायदे-योजना लोकांना समजावणारे तक्ते करायचे आहेत. गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) तिने माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीचं, एकेक फळ कागदावर काढून नावं घातली, पाहुण्यांनी कौतुक केलं, तेव्हापासून डोक्यात हेच. तिचा ग्राफिक्स पॅड मी कपाटात ठेवलाय आणि बी.एड.चा फॉर्म भरलाय. चित्रंच काढायची होती तर सायन्स कशाला घेतलं? चवथीला भाऊबंद विचारतील, मुलगी काय करते, तर काय सांगू? तिला चार शब्द सांगा.

उत्तर : तिला सांगण्यासारखं आहे, ते नंतर. आधी तुमच्याशी बोलतो.

६८ टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. वाटली ती कपाटाची. पदवीधर मुलीचं कामाचं साधन वडील कपाटात ठेवतात आणि तिचा फॉर्मही तेच भरतात. एवढ्या पत्रात तिच्या तोंडचं एक वाक्य नाही. तिने काम कुणाला दाखवलं का, पैसे देऊन कुणी काही करून घेतलं का, तिला शिकवायला आवडतं का, काहीच नाही. बहुधा विचारलेलंही नसावं. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाशी त्याचे पालक असं वागले असते, तर तुम्हीच त्यांना शाळेत बोलावून घेतलं असतं.

भाऊबंदांची अडचण मी हसण्यावारी नेत नाही. चवथीला मूळ घरी सगळे जमतात, आरत्या आटोपल्या की कुणाची पोरं कुठे लागली याची उजळणी सुरू होते, आणि 'सरकारी' म्हटलं की पुढचे प्रश्न थांबतात. पण वर्षातले ते चार दिवस सुखाचे जावेत म्हणून तिने तीस वर्षं वर्गावर उभं राहायचं, हा हिशेब तुम्हाला पटतो? मनात नसताना या पेशात आलेला शिक्षक कसा असतो, ते स्टाफरूममध्ये बसणाऱ्याला मी काय सांगणार!

आता 'सायन्स कशाला घेतलं' याबद्दल. विज्ञान आधी होतं आणि चित्र त्याला नंतर लावलेली झालर असते, हा समज पुष्कळांचा आहे, अगदी शास्त्रज्ञांचाही. सत्तरी तालुक्यातल्या माकडतापाचं उदाहरण घ्या. २०१५ मध्ये तिथे साथ आली. हा ताप पसरतो तो कोरड्या महिन्यांत, म्हणजे लोक काजूच्या बागांत असतात तेव्हाच. विषय न कळलेला चित्रकार पोस्टरवर काय काढील? एक माकड आणि रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड. बघणारा मग तसली मोठी गोचीड अंगावर शोधत बसतो. माणसाला हा ताप मुख्यतः गोचिडीच्या निम्फ, म्हणजे पूर्ण न वाढलेल्या, अवस्थेकडून होतो, आणि निम्फ एखाद्या ठिपक्याएवढा असतो. तो खऱ्या आकारात, बोटाच्या पेराशेजारी काढायला हवा. माकड मेलेलं दाखवायला हवं, कारण मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी आसपास पसरतात. त्याला हात न लावता आरोग्य केंद्रात कळवायचं, हा निरोप आहे. काय मोठं काढायचं, काय वगळायचं, हे ठरवायला प्राणिशास्त्रच लागतं. तिची तीन वर्षं वाया गेलेली नाहीत.

कायदे आणि धोरणांचं तसंच. किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याची जनसुनावणी २०२१ मध्ये झाली, तेव्हा खाजनं (खाडीकाठची बांध घालून राखलेली शेतं), बांध, वाळूच्या टेकड्या नकाशात नीट नाहीत अशी लोकांची तक्रार होती. असला नकाशा वाचून 'तुमच्या वाड्यावर यात हे दाखवलंय' असं एका पानात मांडणारी माणसं आपल्याकडे फार कमी आहेत. गोव्यातल्या मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या प्रकल्पांविरुद्ध २०२० मध्ये आंदोलन झालं, त्यात वकील, जीवशास्त्रज्ञ आणि चित्रकार बरोबरीने होते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. ती चित्रांमुळे झाली असं मी म्हणणार नाही, कोर्टात कागद बोलतात. विषय घराघरांत नेला तो मात्र चित्रांनी. (मुलगी आंदोलनात जाईल ही धास्ती असेल तर तेही तिच्याशी सरळ बोला. आरोग्य खात्याची पत्रकं करणं हेही याच क्षेत्रातलं काम.)

पैशांचं खरं सांगतो. कायमच्या जागा मोजक्या. दोना पावलची समुद्रविज्ञान संस्था, वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र, मिरामारचं विज्ञान केंद्र, पर्यावरण-आरोग्यातल्या संस्था अशा ठिकाणी असलं काम लागतं, पण बहुतेक ते प्रकल्पापुरतं, कंत्राटावर. सरकारी म्हणजे कायमचं, हेही या क्षेत्रात धरून चालू नका : १९८९ मध्ये सुरू झालेली केंद्राची 'विज्ञान प्रसार' संस्था २०२३ मध्ये बंद झाली. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मिळकत वरखाली होणार. तेवढा काळ घरात राहून ती काम करू शकते का, हा बापाने विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे, आणि नेमका तोच तुम्ही विचारला नाहीत. बी.एड. पुढच्या वर्षीही असेल.

परीक्षांचं थोडक्यात : एम.डेस.साठी (डिझाइनमधल्या पदव्युत्तर पदवीसाठी) 'सीड' ही प्रवेश परीक्षा किंवा एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, प्रवेश परीक्षा, दोन्हींना कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. पणजीत आल्तिन्होच्या कला महाविद्यालयात बारावीनंतरची चार वर्षं पुन्हा काढायची गरज नाही.

यापुढचं तिला वाचायला द्या.

मुली, पाहुण्यांच्या कौतुकावर जाऊ नकोस. घरच्या मुलीने काढलेलं सगळ्यांना छानच दिसतं. फळं काढून नावं घालणं ही वहीतली नोंद झाली. माटोळीतली कांगण्यो, घागऱ्यो ही रानफळं कुठल्या जागी वाढतात, नुसतं फळ तोडता येतं की अख्खी वेल किंवा झुडूपच ओढलं जातं, हे दाखवणारं एक पान कर. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाकडून तपासून घे, मग माटोळीचा बाजार भरतो तिथल्या विकणाऱ्या बाईपुढे धर आणि गप्प राहा. तुला तोंडी समजावून सांगावं लागलं तर पान फसलं. अशी पाच-सहा कामं हाताशी येईपर्यंत एम.डेस.चा विचारही करू नकोस.

इंग्रजीत तक्ता करून खाली मराठी भाषांतर चिकटवायची रीत सगळीकडे आहे आणि ती वाईट आहे. मराठी-कोंकणीत मुळापासून लिहायला शीक. मला वाटतं, चित्रापेक्षा तिथेच तू कमी पडशील. चित्रासाठी इंकस्केप, नकाशासाठी क्यूजीआयएस, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

'तुझं नाव होईल' म्हणत फुकट काम मागणारे भेटतील. किती वेळा दुरुस्ती, पैसे कधी, मूळ फाइल कुणाकडे, हे काम घेण्याआधी लेखी ठरव. मजकूर तपासणारा शास्त्रज्ञ कोण, तेही त्याच कागदावर येऊ दे. नाहीतर चूक छापून झाल्यावर सापडते आणि खापर चित्रकाराच्या डोक्यावर फुटतं.